भिंतीवरची दुसरीच बाई

मुकादमबाईंना भिंतीवर स्वतःचा फोटो सापडेना.

काचेच्या बाटल्या बनवणाऱ्या त्यांच्या कारखान्याचा सुवर्णमहोत्सव होता आणि दर्शनी दालनाची एक अख्खी भिंत निवृत्त कामगारांच्या फोटोंनी भरून टाकली होती. पडदा सरकला, टाळ्या झाल्या आणि जो तो मान वर करून आपापलं तोंड शोधायला लागला. मुकादमबाईंनी वरच्या ओळीपासून सुरुवात केली. सगळी ओळखीचीच माणसं, पण ओळख पटायला प्रत्येकाजवळ जरा थांबावं लागत होतं. त्या खालच्या ओळीपर्यंत आल्या, पुन्हा वर गेल्या. शेवटी सोबत आलेल्या लेकीनंच बोट दाखवलं. "ही काय तू, मधल्या ओळीत. किती छान आलाय बघ."

फोटोतल्या बाईनं त्यांचाच निळा स्वेटर घातला होता. केसही त्यांच्यासारखेच मागे बांधलेले. चेहरा मात्र दुसऱ्याच कुणाचा तरी होता. डावा गाल सोललेल्या अंड्यासारखा गुळगुळीत, ओठ सरळ, डोळ्यांखाली एक सुरकुती नाही.

मुकादमबाईंच्या डाव्या डोळ्याखालून हनुवटीपर्यंत एक खोल व्रण होता. तो ओठाचा कोपरा जरा वर ओढून धरी, त्यामुळे त्या गप्प असल्या तरी समोरच्याची टर उडवताहेत असं वाटे. नवीन लागलेली पोरं पहिले काही दिवस त्यांच्यासमोर बिचकून असत. मग कुणीतरी त्यांना बाजूला घेऊन सांगे की बाई हसत नाहीत, त्यांचा गाल तसा आहे. या गालासकट त्यांनी संसार केला होता, तपासणी विभागातल्या बायकांवर मुकादमकी केली होती आणि भल्याभल्यांशी भांडणं केली होती. नाव मागे पडून घरीदारी सगळे त्यांना मुकादमबाई म्हणायला लागले, तेही याच गालासकट.

फोटो काढणारी प्रसिद्धी विभागातली मुलगी पाहुण्यांच्या गराड्यात उभी होती. तिनं लांबूनच विचारलं, "मावशी, आवडला ना?"

"माझा गाल कुठे गेला?" बाईंनी विचारलं.

मुलीला वाटलं, मावशी गंमत करताहेत. ती गोड हसली आणि पाहुण्यांना घेऊन पुढे गेली. बाईंच्या तळपायाची आग मस्तकात गेली. जेवणाची पानं मांडलेली तशीच सोडून त्या बाहेर पडल्या आणि बसथांब्यापर्यंत इतक्या ताडताड चालत गेल्या की लेकीला मागून पळत यावं लागलं.

घरी नवरा गुडघ्याला पट्टा बांधून खिडकीत बसला होता. बसच्या आगारात इंजिनं दुरुस्त करण्यात त्याचा जन्म गेला. निवृत्तीनंतर त्याला एकच नाद लागला. एक जुना, तळहातात मावणारा डिजिटल कॅमेरा घेऊन समोरच्या तारांवर बसणाऱ्या पाखरांचे फोटो काढायचे. बटण दाबलं की त्या कॅमेऱ्याचं भिंग कुरकुरत पुढे यायचं. मुलगी त्याला 'डबी' म्हणायची. फोन हातात असताना ही डबी कशाला बाळगता, कार्ड काढा, तार जोडा, बॅटरी चार्ज करा, हा उद्योग कशाला, यावरून बापलेकीची नेहमी जुंपायची. लेकीचं म्हणणं खोटं नव्हतं. संध्याकाळच्या उजेडात डबीतले फोटो दाणेदार आणि काळपट यायचे, माणूस जरा हलला की पुसट व्हायचा. फोन मात्र दिव्याच्या मिणमिणत्या उजेडातही खोली लख्ख दाखवायचा आणि काढल्या क्षणी फोटो नातेवाइकांना पाठवून मोकळा व्हायचा. उलट लांबच्या पाखरावर फोन रोखला की पिसांचा नुसता लगदा व्हायचा, आणि डबीत चोचीतली काडीसुद्धा वेगळी दिसायची. तेवढ्या एका मुद्द्यावर बाप कायम जिंकायचा.

मुलीनं फोनवर आलेला आईचा फोटो त्याच्यापुढे धरला. त्यानं तो जवळून पाहिला, हात लांब करून पाहिला आणि म्हणाला, "कोण गं ही? तुझ्या आईच्या माहेरची कोणी?"

एरवी मुकादमबाई यावर हसल्या असत्या. आज त्या फणकारल्या. "तुमची बायको आहे. कारखान्यानं नवीन करून दिलीय."

नवऱ्यानं बायकोकडे पाहिलं आणि न बोलता डबी उचलली. इंजिन बिघडलं की आधी चालवून बघायचं, मग काय ते बोलायचं, ही त्याची जुनी सवय. त्यानं बाईंना खिडकीजवळच्या खुर्चीत बसवलं, कारण प्रसिद्धी विभागातल्या मुलीनंही घरी येऊन भिंतीवरचा फोटो तिथेच काढला होता. मग डबीनं एक फोटो घेतला. लेकीला म्हणाला, तू तुझ्या फोननं घे, इथूनच, हलू नकोस.

दोन्ही फोटो टेबलावर शेजारी ठेवले. डबीच्या छोट्याशा पडद्यावर बाई होत्या तशा होत्या. खिडकीचा उजेड एका बाजूनं येत असल्यानं व्रणाची कड उठून दिसत होती, ओठ वर ओढलेला, कपाळावर रागाची आठी. रंग जरा फिकट होते आणि मागचा पडदा पांढराफटक पडला होता. फोनमधल्या फोटोत पडद्यावरची फुलंसुद्धा मोजता येत होती, स्वेटरची वीण दिसत होती. गाल मात्र स्वच्छ. डोळेही जरा मोठे झालेले. रागानं बघणारी बाई प्रेमानं बघत होती.

"मी काही केलं नाही," मुलगी म्हणाली. "फोननंच केलंय."

तिनं फोनच्या सेटिंगमध्ये जाऊन शोध घेतला, तेव्हा चेहरा खुलवायची एक सोय सापडली. फोन विकत घेतला तेव्हापासूनच ती चालू होती. मुलीनं ती बंद केली आणि पुन्हा फोटो काढला. आता व्रण दिसला. डबीइतका खोल नाही, पण आपल्या जागी. डबीपेक्षा हा फोटो कितीतरी नितळ होता, हे नवऱ्यालाही कबूल करावं लागलं.

"म्हणजे यंत्राला दिसतं सगळं," मुकादमबाई म्हणाल्या. "दिसतं आणि मग पुसून टाकतं."

त्यांना यंत्रावर रागावता आलं असतं तर बरं झालं असतं. पण राग यंत्रापाशी थांबेना. हा व्रण काही जन्माचा नव्हता. तपासणीच्या पट्ट्यावर बाटल्या एकामागून एक येत, मागे उजेडाची पांढरी पाटी असे आणि तडा गेलेली, बुडबुडा राहिलेली बाटली बायका उचलून बाजूला टाकत. भट्टीतून निघालेली बाटली हळूहळू निववावी लागते. घाई केली तर ताण तिच्या पोटात राहतो आणि ती केव्हाही फुटते. त्या वर्षी मोठी मागणी आली म्हणून वरच्या लोकांनी पट्ट्याचा वेग वाढवला. बाटल्या हाताला चटका बसेल इतक्या गरम येताहेत, असं मुकादमबाईंनी तोंडी सांगितलं, ओरडून सांगितलं. कुणी मनावर घेतलं नाही. मग एक बाटली त्यांच्या तोंडासमोर फुटली. चौकशी झाली आणि निष्कर्ष निघाला की कामगार गरजेपेक्षा जास्त पुढे वाकली होती. तोंडावर लावायच्या जाळ्या त्यानंतर आल्या. मुकादमबाई इस्पितळात टाके घालून पडल्या होत्या तेव्हा पट्ट्याचा वेग होता तसाच होता.

आणि आता त्याच कारखान्याच्या भिंतीवर त्यांना काहीच झालेलं नव्हतं.

दुसऱ्या दिवशी त्या कारखान्यात गेल्या. प्रसिद्धी विभागाचे साहेब वयानं त्यांच्या मुलीएवढे. त्यांनी खुर्ची दिली, पाणी मागवलं, शांतपणे ऐकून घेतलं. मुकादमबाईंना हे शांतपणे ऐकून घेणं चांगलं ठाऊक होतं. पट्ट्याच्या वेगाबद्दलही असंच ऐकून घेतलं गेलं होतं. साहेबांनी सांगितलं की यात कुणाचा वाईट हेतू नाही. फोटो उत्तम आहे, पाहुण्यांनी नावाजलाय, भिंत बघायला शाळेतली मुलं येणार आहेत, तेव्हा वातावरण प्रसन्न असावं एवढीच इच्छा. झालेल्या अपघाताबद्दल त्यांना वाईट वाटतं, पण ती त्यांच्या आधीची गोष्ट.

"तुमच्या आधीची आहे, पण माझ्या तोंडावर आजही आहे," बाई म्हणाल्या. "तुम्ही ती माझ्या तोंडावरून काढलीत, मला न विचारता."

साहेबांनी फोटो काढणाऱ्या मुलीला बोलावलं. तिनं फोन उघडून पाहिला आणि तिचा चेहरा उतरला. ती सोय तिच्याही फोनवर चालूच होती. भिंतीवरचे सगळेच फोटो तसेच निघाले होते. बाईंना आता कळलं की काल प्रत्येकापाशी का थांबावं लागत होतं. भट्टीवर जन्म काढलेल्या माणसांचे विटेसारखे भाजलेले चेहरे गव्हाळ झाले होते. सगळे एकाच साच्यातून काढल्यासारखे.

"मला खरंच दिसलं नाही, मावशी," मुलगी म्हणाली.

"माझ्यासमोर बसून फोटो काढलेस. माझा गाल दिसला नाही तुला?"

"गाल दिसला होता," ती खाली बघत म्हणाली. "फोटोतून गेला ते दिसलं नाही."

साहेबांनी सारवासारव केली. फोटो पुन्हा काढायला कारखान्याकडे सध्या वेळ नाही, पुढच्या वर्षी बघू, असं काहीसं म्हणाले. मुकादमबाई उठल्या.

फाटकाशी त्यांना भट्टीवाला भेटला. त्यांच्याच काळातला, भट्टीच्या तोंडाशी काम केलेला, मानेपासून कानापर्यंत भाजल्याचे डाग असलेला. तो भिंत दाखवायला बायकोला घेऊन आला होता. बाईंनी त्याला सगळं सांगितलं. त्यांना वाटलं होतं, हा पेटून उठेल, आपण दोघं मिळून आत जाऊ. भट्टीवाल्यानं ऐकलं आणि टोपी सारखी केली.

"बाई, माझा फोटो तेवढा राहू द्या," तो म्हणाला. "आरशात रोज बघतोच की मी स्वतःला. तिथे भिंतीवर एक दिवस बरा दिसलो तर कुणाचं काय जातं? हिलाही आवडलाय."

त्याच्या बायकोनं त्याचा हात धरला होता. मुकादमबाईंच्या जिभेवर वाटेल ते आलं होतं, लाचारीपासून पुढे सगळं. त्या हाताकडे पाहून त्यांनी ते गिळलं आणि त्यानं राग आणखीच वाढला. एकटीनं रागावायला फार दम लागतो.

घरी आल्या तर मुलगी आंघोळीला गेलेली, फोन टेबलावर पडलेला. तो वाजला म्हणून त्यांनी उचलला. कुणाचा फोन होता ते त्यांनी पाहिलंच नाही. वाजणं थांबलं तसा पडद्यावर तोच फोटो दिसला. निळा स्वेटर, गुळगुळीत गाल. फोन उघडला की पहिला दिसावा असा लावून ठेवलेला.

मुलगी केस पुसत बाहेर आली तेव्हा मुकादमबाई फोन हातात घेऊन उभ्या होत्या. त्यांनी आवाज चढवला नाही. त्या खालच्या आवाजात बोलायला लागल्या की घरात सगळ्यांना धडकी भरायची.

"तुला हीच आई हवी होती का गं?"

नवऱ्यानं मध्ये तोंड घालायचा प्रयत्न केला, तो बाईंनी नजरेनंच थोपवला.

"मी तुला त्या व्रणाशिवाय कधी पाहिलंच नाही," मुलगी शेवटी म्हणाली. "माझ्या जन्माच्या आधीचा आहे तो. माझ्यासाठी तुझं तोंड म्हणजे तेच. तू अपघाताचं सांगायचीस तेव्हा मला कळायचं, पण नुसतं कानांनी. हा फोटो बघितला आणि पहिल्यांदा वाटलं, असं दिसायला हवं होतं हिनं. त्यांनी हिचं एवढं घेतलं. तू रागावशील म्हणून बोलले नाही. पण मी तो आवडला म्हणून ठेवलेला नाही. बघितला की मला त्यांचा राग येतो, म्हणून ठेवलाय."

मुकादमबाई खुर्चीवर बसल्या. त्या फोटोकडे त्यांनी आतापर्यंत खोटा म्हणूनच पाहिलं होतं. आता नीट पाहिलं. सरळ ओठ. हसल्यावर गालाला पडणारी खळी. ती खळी यंत्राला कुठून सुचली कोण जाणे, पण अपघाताआधी होती, हे नवऱ्याला आठवत होतं आणि तो तसं म्हणालाही. मग तो डोळे पुसायला आत गेला, गुडघा दुखतोय असं पुटपुटत. बाई रडल्या नाहीत. त्यांना इतका राग आला होता की रडायला जागाच उरली नव्हती.

त्या रागातून त्यांना एक गोष्ट सुचली आणि सुचल्यावर त्यांनी वेळ घालवला नाही. डबीनं काढलेला खिडकीतला फोटो त्यांनी भिंतीवरच्या फोटोएवढाच मोठा करून घेतला. मोठा केल्यावर तो अधिकच दाणेदार दिसत होता. तो घेऊन त्या पुन्हा साहेबांच्या खोलीत गेल्या, यावेळी मुलीलाही सोबत घेऊन. त्यांचं म्हणणं सोपं होतं. भिंतीवरचा फोटो काढू नका. त्याच्या शेजारी हा लावा. त्याच्याखाली लिहा, ही बाई या कारखान्यात आलीच नसती तर अशी दिसली असती. याच्याखाली लिहा, आली म्हणून अशी दिसते.

साहेबांनी दुसरा फोटो हातात घेतला आणि लगेच टेबलावर उलटा ठेवला. तेवढ्यानं बाईंना उत्तर मिळालं. पण साहेबांनी बोलूनही दाखवलं. असं काही लावता येणार नाही. सगळ्यांना एकच नियम. फारच वाटत असेल तर मूळ फोटोही काढून टाकू, वाद नको.

"दोन्ही लावा, नाहीतर एकही नको," मुकादमबाई म्हणाल्या.

"मग एकही नको," साहेब म्हणाले. त्यांना सुटल्यासारखं वाटलं असावं.

शिपायाला शिडी आणायला सांगतो म्हणाले, पण बाई थांबल्या नाहीत. त्या दालनात गेल्या. मधली ओळ हाताला येत होती. त्यांनी चौकट खिळ्यावरून उचलली. तिथे आलेल्या शाळेच्या मुलांची रांग वळून बघायला लागली. एका मुलीनं मोठ्यानं विचारलं, "तुम्ही फोटो चोरताय का?"

"माझाच आहे," बाई म्हणाल्या.

मुलीनं चौकटीतल्या बाईकडे पाहिलं, मग समोरच्या बाईकडे, मग पुन्हा चौकटीकडे. तिचा विश्वास बसलेला नव्हता, हे तिच्या तोंडावर स्पष्ट दिसत होतं. तिची शिक्षिका ओशाळून तिला दटावायला लागली. मुकादमबाईंनी शिक्षिकेला थांबवलं. म्हणाल्या, तिचं काही चुकलेलं नाही, तिला डोळे आहेत. मग चौकट काखेत मारून त्या बाहेर पडल्या. फाटकावरच्या रखवालदारानं अडवलं नाही. उलट तो खुर्चीवरून उठून उभा राहिला. तो कशासाठी उठला, हे विचारायला त्या थांबल्या नाहीत.

घरी दोन्ही फोटो कपाटाच्या वर पालथे ठेवले गेले. भिंतीवर लावायचे का, असं नवऱ्यानं एकदा विचारून पाहिलं. बाई म्हणाल्या, इथे कशाला, या घरात सगळ्यांना माहीत आहे. राग गेला नव्हता. भांडी घासताना त्या एकट्याच साहेबांना उत्तरं देत, आणि ती उत्तरं साहेबांच्या खोलीत दिलेल्या उत्तरांपेक्षा कितीतरी चांगली असत. भट्टीवाल्याचा मात्र त्यांना राग येईनासा झाला. तो बाजारात भेटला तेव्हा त्या स्वतःहून थांबल्या आणि त्याच्या बायकोच्या तब्येतीची चौकशी केली. फोटोचा विषय दोघांनीही काढला नाही.

मग एका सुट्टीच्या दिवशी सकाळी दार वाजलं. दारात प्रसिद्धी विभागातली ती मुलगी उभी होती. हात रिकामे होते. मुकादमबाईंनी दार अर्धवटच उघडलं.

मुलगी म्हणाली की रिकाम्या खिळ्यावर साहेबांनी कारखान्याचं चिन्ह लावलंय. ती भिंतीवरच्या बाकीच्यांच्या घरी जाऊन आली होती. खरं काय झालं ते तिनं त्यांना सांगितलं आणि फोटो पुन्हा काढून हवा का, असं विचारलं. थोड्यांनी हो म्हटलं, बरेच जण नको म्हणाले. एकानं तर तिला हाकलून दिलं. हे सगळं ती एका दमात बोलली आणि थांबली.

"मग इथे कशाला आलीस? माझा तर आता तिथे नाहीच."

"त्या दिवशी मी तुमच्यासमोर बसले होते आणि काही विचारलं नव्हतं," मुलगी म्हणाली. "गालाला काय झालं होतं, मावशी?"

दार लावून घ्यावं, असं मुकादमबाईंना आधी वाटलं. चौकशीवाल्यांनीसुद्धा त्यांना हे असं विचारलं नव्हतं. तुम्ही किती वाकला होतात, एवढंच विचारलं होतं.

"सांगायला वेळ लागेल," त्या म्हणाल्या. "आणि मी चिडूनच सांगणार. दुसऱ्या तऱ्हेनं मला सांगता येत नाही."

"चालेल."

बाईंनी तिला आणखी थोडा वेळ दारात उभं ठेवलं. मग बाजूला झाल्या आणि चपला कुठे काढायच्या ते बोटानं दाखवलं.